पडवीतून पुण्याचं मशीन चालवताना: एसएसएच आणि एक्सप्राचा आठ महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात, घरात आगोटीची (पावसाळ्याच्या बेगमीची) गडबड चालू असताना, मी माझं मोठं मशीन गाडीत घालून पुण्याला मावसभावाकडे नेऊन ठेवलं. गावी राहिला तो ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. तेव्हापासून आज डिसेंबरपर्यंत, एक अख्खा पावसाळा धरून, माझं नकाशांचं सगळं काम राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत बसून पुण्याच्या मशीनवर चाललंय. प्रोग्राम तिथे पळतो, त्याची खिडकी इथे उघडते. हे जमतं का, जमलं तर कितपत, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितोय.

मशीन पुण्याला का नेलं, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. आधीच्या मशीनचे यूएसबी पोर्ट खाऱ्या हवेने दोन वर्षांत हिरवे पडले, पंख्याच्या स्क्रूंना गंज चढला आणि तिसऱ्या वर्षी रोहिणीच्या पावसात वीज कडाडली तेव्हा पॉवर सप्लायसकट मदरबोर्ड गेला. नवीन मशीनमध्ये ६४ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड आहे, वर्षभराची बचत त्यात गेली. ते इथे ठेवायचा धीरच झाला नाही.

काम आहे कातळशिल्पांचं. सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळी पठारावरच्या, जांभ्यात कोरलेली ही चित्रं. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकण आणि गोव्यातल्या ९ जागा लागल्या. त्यांपैकी बारसू, देवीहसोळ, कशेळी, रुंढे तळी आणि देवाचे गोठणे या ५ एकट्या आमच्या तालुक्यात आहेत. यादीत नसलेली चित्रं तर कितीतरी, आणि चिरेखाण कधी कुठल्या सड्यावर चालून येईल याचा नेम नाही. म्हणून आम्ही काही जण ड्रोनने वरून फोटो काढतो, ते जोडून एक मोठा नकाशा करतो आणि त्यावर एकेक रेघ हाताने गिरवून ठेवतो. ३० मीटरवरून काढलेल्या फोटोत एक पिक्सेल साधारण एक सेंटिमीटरचा येतो. दोनशे मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद सड्याचा नकाशा म्हणजे ४० कोटी पिक्सेल. माझ्या लॅपटॉपवर ती फाईल नुसती उघडायला घेतली तरी पंखा ओरडायला लागतो.

सुरुवात अगदी साध्या पद्धतीने, एसएसएच या दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणाऱ्या प्रोग्रामने केली: एसएसएच, डॅश, कॅपिटल एक्स, पुण्याच्या मशीनचं नाव. पुण्याच्या मशीनवर एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'एक्स११फॉरवर्डिंग' चालू हवं (उबुंटू लिनक्सवर ते आधीच चालू मिळतं) आणि 'एक्सऑथ' नावाचा छोटा प्रोग्राम बसवलेला हवा. बास. लॉगिन झालं की तिकडचा 'डिस्प्ले' (खिडकी कुठल्या स्क्रीनवर उघडायची तो पत्ता) आपोआप 'लोकलहोस्ट:१०.०' असा भरला जातो. तो हाताने भरायला सांगणारे सल्ले पुष्कळ मिळतात. ते ऐकू नका, हाताने भरलेला डिस्प्ले एसएसएचच्या बोगद्यातून जातच नाही.

पहिली चाचणी 'एक्सआईज'ची. स्क्रीनवर दोन डोळे उघडतात आणि माऊस जाईल तिकडे बघतात. बाबा शेजारी सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांना म्हटलं, हे डोळे पुण्यात चालू आहेत आणि माऊस माझ्या हातात आहे. त्यांनी सुपारी खाली ठेवली, स्वतः माऊस हातात घेऊन गोल गोल फिरवला आणि म्हणाले, "बघतायत खरे, पण जरा उशिराने बघतायत." आठ महिन्यांत या विषयावर मी जे काही वाचलं, त्याचं मर्म त्या एका वाक्यात होतं. आजही कामाला बसताना मी आधी डोळे उघडतो. ते लगेच वळले तर साधी पद्धत चालेल. रेंगाळले तर नाही.

रेंगाळतात का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. या खिडक्या दाखवणारी एक्स विंडो सिस्टीम १९८४ साली एमआयटीत जन्मली, आणि आपण वापरतो ती ११वी आवृत्ती १९८७ची. एकाच इमारतीतल्या, एकाच तारेवरच्या कॉम्प्युटरांसाठी ती बनली. तिच्यात नावं उलटी वाटतात: ज्याच्यापुढे स्क्रीन आणि कीबोर्ड आहे तो सर्व्हर, आणि खिडकी मागणारा प्रोग्राम हा क्लायंट. म्हणजे माझा जुना लॅपटॉप सर्व्हर आणि पुण्याचं दांडगं मशीन त्याचं गिऱ्हाईक. हा गिऱ्हाईक फार बोलका आहे. हा फॉन्ट आहे का, हा रंग मिळेल का, खिडकी केवढी झाली, असं तो विचारत राहतो आणि बऱ्याच प्रश्नांना उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. समजा उघडताना एखाद्या प्रोग्रामने ५०० वेळा असं विचारलं आणि पुण्याला जाऊन यायला ४० मिलिसेकंद लागले, तर नुसत्या ये-जा करण्यात २० सेकंद गेले. नेटचा प्लॅन ५० एमबीपीएसचा घ्या नाहीतर ३००चा, हे २० सेकंद कमी होत नाहीत. केबलवाल्याने मोठा प्लॅन गळ्यात मारायच्या आधी हे लक्षात घ्या. वेग वेगळा आणि उत्तराला लागणारा वेळ वेगळा.

वेगाचीही गरज पडते, पण ती दुसऱ्या कारणाने. आजचे प्रोग्राम, विशेषतः क्यूटी आणि जीटीके या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनांवर बांधलेले, रेघा-अक्षरं स्वतःच रंगवून तयार चित्र पाठवतात. १९२० बाय १०८० ची पूर्ण खिडकी एकदा बदलली की सुमारे ८३ लाख बाइट. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये नकाशा जरा सरकवला तरी हा ढीग पुण्याहून निघतो, म्हणजे इथे कामाला येतो तो पुण्याकडचा अपलोड. एसएसएचला कॅपिटल सी लावून चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवायला सांगितलं की ढीग लहान होतो आणि फरक जाणवतो, पण प्रश्नोत्तरं होती तेवढीच राहतात.

याच कारणाने अक्षरांचा एक घोळ झाला. नकाशातल्या माझ्या थरांची (लेयरची) नावं मराठीत आहेत: 'मासा', 'चौकट', 'अनोळखी आकृती'. पहिल्या दिवशी सगळीकडे रिकामे चौकोन दिसले. मी लॅपटॉपवर फॉन्ट टाकत बसलो आणि काही उपयोग झाला नाही, कारण अक्षरं रंगवली जातात पुण्यात. तिथल्या मशीनवर लोहित आणि नोटोचे देवनागरी फॉन्ट बसवले आणि मिनिटात सगळं वाचता आलं.

तर साध्या पद्धतीचा माझा निकाल असा: फायबर व्यवस्थित असताना टेक्स्ट एडिटर, फाईल बघणं, एखादा आलेख, छोटे संवादाचे चौकोन, यासाठी ती उत्तम. काही बसवायला नको, शिकायला नको. क्यूजीआयएस तिच्यावर उघडतं, पण उघडायला वेळ लावतं आणि नकाशा सरकवताना जीव खातं. तरीही मी जूनपर्यंत तसंच रेटलं.

मग मृग लागला. दीड तास बसून एका मोठ्या आकृतीच्या कडा गिरवल्या होत्या. झिजलेल्या रेघा, कुठे चर खरा आणि कुठे पाण्याने झालेली खाच, हे ठरवत ठरवत केलेलं काम. लाईट गेली, राउटर बंद पडला, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू असूनही क्यूजीआयएसची खिडकी नाहीशी झाली. पुण्यात लाईट होती, मशीन चालू होतं, तरी प्रोग्राम मेला. एक्सचा गिऱ्हाईक असा असतो: डिस्प्लेशी धागा तुटला की तो बंद पडतो, मग न साठवलेलं काही उरत नाही. मला वाटलं होतं की टीमक्समध्ये सुरू केलं तर वाचेल. नाही वाचत. टीमक्स टर्मिनल जिवंत ठेवतं, खिडक्या नाही. मॉशची अनेक जण शिफारस करतात, ते तुटक्या नेटवर टर्मिनलसाठी खरंच छान आहे, पण खिडक्या वाहून नेणं त्याला येतच नाही. त्या संध्याकाळी मी खूप वैतागलो आणि मशीन परत आणायचा विचारही केला.

त्याच आठवड्यात एक्सप्रा हाती लागलं, आणि हा सगळा मजकूर मुळात त्याच्यासाठी आहे.

टर्मिनलसाठी जसं टीमक्स, तसं खिडक्यांसाठी एक्सप्रा. ते पुण्याच्या मशीनवर एक अदृश्य डिस्प्ले तयार करतं आणि प्रोग्राम त्याच्यावर चालतो. सगळी प्रश्नोत्तरं तिथल्या तिथे, पुण्यातच होतात. माझ्याकडे येतं ते फक्त बदललेल्या भागाचं दाबलेलं चित्र, आणि माझ्याकडून जातात कळा आणि माऊस. प्रत्येक खिडकी लॅपटॉपवर इतर खिडक्यांसारखी स्वतंत्र दिसते, अख्खा परका डेस्कटॉप अंगावर येत नाही. वापरायला दोन ओळी पुरतात. पुण्याच्या टर्मिनलवर 'एक्सप्रा स्टार्ट', डिस्प्लेचा क्रमांक (माझा १००) आणि कुठला प्रोग्राम ते. इकडून 'एक्सप्रा अटॅच' आणि एसएसएचचा पत्ता, शेवटी तोच क्रमांक. एसएसएचच्याच किल्ल्या चालतात, वेगळं दार उघडायला लागत नाही.

लाईट गेली की खिडक्या जातात. राउटर परत आला की अटॅच. खिडक्या जिथे होत्या तिथे, अर्धवट गिरवलेली रेघ अर्धवट, अगदी उघडलेला मेन्यूसुद्धा तसाच. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं. जुलैत एकदा आमच्याकडे दोन दिवस लाईट नव्हती. तिसऱ्या दिवशी जोडलं तर क्यूजीआयएस माझी वाट बघत बसलेलं होतं.

बसवताना एकच काळजी घ्या. उबुंटूच्या भांडारात मिळते ती आवृत्ती जुनी असते. मी दोन्हीकडे एक्सप्राच्या स्वतःच्या भांडारातून एकच आवृत्ती घेतली. त्याआधी दोन टोकांना दोन वेगळ्या आवृत्त्या असताना कॉपी-पेस्ट मधेच बंद पडायचं आणि कळा चुकीच्या उमटायच्या. कळांचं एक अजूनही सुटलेलं नाही: जोडणी झाल्यावर लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवरून इनस्क्रिप्टवर बदलला तर तिकडे कधी कळतं, कधी नाही. मी आता मराठी नावं इकडे लिहून तिकडे चिकटवतो.

दुसरी गोष्ट माझ्या कामाच्या दृष्टीने फार गंभीर होती आणि ती कळायला मला तीन आठवडे लागले. नेट मंद असलं की एक्सप्रा आधी चित्र ओबडधोबड पाठवतं आणि हात थांबला की स्पष्ट करतं. वाचायला, फिरायला हे फार सोयीचं. पण जांभ्याचा पोत मुळातच भोकाभोकांचा, आणि चित्र दाबताना पडणारे चौकोनी डाग त्यात मिसळले की अगदी कोरलेल्या चरासारखे दिसतात. एका आकृतीच्या शेपटीजवळ मी चक्क दोन बोटं रुंद रेघ गिरवली होती. दुसऱ्या दिवशी फायबर चांगलं असताना तीच जागा उघडली, तर तिथे रेघ नव्हती. नुसता कातळ होता. त्या तीन आठवड्यांतलं सगळं काम मी पुन्हा तपासलं. आता गिरवायचं सत्र सुरू करताना किमान दर्जाची सेटिंग ९० ला नेऊन ठेवतो. नकाशा सावकाश सरकतो, सरकू दे. ज्यांचं काम फोटो, एक्स-रे, नकाशे अशा बारीक बघण्याचं आहे त्यांनी ही सेटिंग पहिल्याच दिवशी बदलावी.

त्रिमिती चित्रांचं प्रकरण वेगळं. क्लाउडकम्पेअर या प्रोग्राममध्ये कातळाचा पृष्ठभाग फिरवून बघितला की तिरप्या उजेडात चर उठून दिसतात. साध्या एसएसएचवर तो प्रोग्राम धड उघडलाच नाही. कारण नंतर कळलं: नेटवरून ओपनजीएलच्या (त्रिमिती चित्र रंगवायच्या) आज्ञा नेण्याची जुनी सोय एक्सच्या सर्व्हरमध्ये २०१५ पासून मुळातच बंद असते, आणि चालू केली तरी फार जुनं ओपनजीएल मिळतं. एक्सप्रामध्ये उघडतो, पण ग्राफिक्स कार्ड बाजूला राहून सगळं प्रोसेसरवर रंगवलं जातं. त्यावर व्हर्च्युअलजीएल हा इलाज आहे. प्रोग्रामच्या नावाआधी 'व्हीजीएलरन' लावून आणि त्याला ईजीएल (स्क्रीनशिवाय कार्ड वापरायची सोय) वापरायला सांगून सुरू केलं की रंगकाम पुण्याच्या कार्डावर होतं आणि तयार चित्र एक्सप्रा घेऊन येतं. मशीनला मॉनिटर जोडलेला नसला तरी चालतं. हे जुळवायला मला दोन रविवार लागले. पण जुळल्यावर कशेळीच्या हत्तीसारखी मोठी आकृतीही या लॅपटॉपवर हवी तशी फिरते.

ऑगस्टमधला एक दिवस लिहून ठेवतो, दुसऱ्याचा वेळ वाचेल. लॉगिन होत होतं, पण एकही खिडकी उघडेना, ना साधी ना एक्सप्राची. पुण्याला मावसभावाला फोन लावला.

"दादा, मशीनला कोणी हात लावला का?"

"नाही रे. पंखा चालू आहे, दिवा चालू आहे. बंद करून चालू करू?"

"नको नको, थांब."

थांबायला सांगितलं ते बरं झालं. डिस्क भरली होती. फोटो जोडणाऱ्या ओपनड्रोनमॅपने मधल्या फायलींनी शेवटचा जीबीही खाल्ला होता. लॉगिन करताना एक्सऑथला घरच्या फोल्डरात एका छोट्या फाईलमध्ये गुप्त खूण लिहायला लागते, तिला जागाच उरली नव्हती. चार जुन्या फोल्डरांना निरोप दिला आणि सगळं सुरळीत झालं. खिडकी उघडत नसेल तर सेटिंगमध्ये शिरायच्या आधी डिस्क बघा.

तसंही फोटो जोडण्यासारखं तासन्‌तास चालणारं काम खिडकीतून करूच नये. ते मी टीमक्समध्ये कमांड देऊन लावतो आणि भात लावायला जातो. खिडकी फक्त जिथे डोळा लागतो तिथे.

बाकीचे पर्याय थोडक्यात. टायगरव्हीएनसी एसएसएचच्या बोगद्यातून वापरून पाहिलं. अख्खा डेस्कटॉप येतो, तुटलं तरी टिकतं, पण लॅपटॉपच्या १४ इंचांत डेस्कटॉपात डेस्कटॉप मला नकोसा झाला. ज्यांना तेच हवंय त्यांनी पाच हजार नऊशे एक हे पोर्ट बाहेर उघडं टाकू नये, बोगद्यातूनच न्यावं. एक्सटूगोही चांगलं आहे, मंद नेटवर बरंच टिकतं. मी एक्सप्रावर आधी पोचलो म्हणून तिथेच राहिलो. वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) वापरणाऱ्यांसाठी वेपाइप आहे, मित्राच्या नवीन लॅपटॉपवर तासभर चालवलं, हलकं वाटलं, त्याहून जास्त सांगण्याइतका अनुभव नाही. याच मित्राच्या मॅकवर साध्या पद्धतीत वीस मिनिटांनी नवीन खिडक्या उघडणं बंद व्हायचं. तो दोष नाही. कॅपिटल एक्सने जोडलं की एसएसएच समोरच्या मशीनवर पूर्ण विश्वास टाकत नाही आणि २० मिनिटांनी दार लावून घेतं. कॅपिटल वाय वापरलं की ही मर्यादा जाते. उबुंटू आणि मिंटवर कॅपिटल एक्सही वायसारखंच वागतं, म्हणून आपल्याला हे कळत नाही. पण विश्वास टाकणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या: तिकडच्या प्रोग्रामला तुमच्या लॅपटॉपवर दाबलेल्या कळा वाचता येतात, बँकेचा पासवर्डसुद्धा. स्वतःच्या मशीनला जोडताय तर ठीक. सामायिक मशीनला असं जोडू नका.

पुण्याच्या घरी बाहेरून पोचता येईल असा पत्ता नेटवाल्याकडून मिळत नाही, म्हणून दोन्हीकडे टेलस्केल हे दूरच्या मशीनना खाजगी जाळ्याने जोडणारं सॉफ्टवेअर बसवलं. फायबरवर थेट जोडणी होते आणि पिंग (जाऊन यायचा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कधीकधी थेट रस्ता मिळत नाही, मधल्या रिलेवरून वळसा पडतो, आणि भर पावसात ३०० पर्यंत गेलेला मी पाहिलाय. तेव्हा डोळे इतके उशिरा वळतात की मी लॅपटॉप मिटतो. एसएसएचच्या सेटिंगमध्ये दर ३० सेकंदांनी हाक मारायची ओळ घातली आहे, नाहीतर तुटलेली जोडणी तुटली हे कळायलाच फार वेळ जातो आणि खिडकी गोठून राहते.

खर्चाचं म्हणाल तर सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागला नाही. पैसे लागले ते विजेच्या बंदोबस्ताला: इकडे राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, तिकडे दादाच्या इन्व्हर्टरवर एक जास्तीची बॅटरी. मशीनच्या बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग लावली, त्यामुळे दादाला रात्री उठवायला लागत नाही. एक्सप्रा इकडच्या अंधारापासून वाचवतं, तिकडच्या नाही. पुण्याचं मशीन बंद पडलं तर न साठवलेलं जातंच, म्हणून दर दहा मिनिटांनी साठवायची सवय मी सोडलेली नाही.

आता सड्यावरचं गवत वाळलंय, चरांत साठलेलं पाणी आटलंय, आणि फोटोंचा हंगाम सुरू झालाय. काल संध्याकाळी उतरत्या उन्हात एका सड्याचे ४१२ फोटो काढले, अडीच जीबी भरले. ते आरसिंक या फायली पाठवणाऱ्या प्रोग्रामने पुण्याला पाठवायला लावलेत, अर्धवट फाईल जपायची खूण घालून, म्हणजे नेट तुटलं तरी पुन्हा पहिल्यापासून नको. पहाटे एकदा तुटलं होतं. हे लिहीपर्यंत २८७ पोचलेत.